हळदीचं बोट

वसमत, शुक्रवार

नासेरभाई,

तुमी घर सोडून बारा वर्षं झाली. आपली हातानं लिहिलेली जुनी किताब तुमीच विकली, असं अब्बा मरेपर्यंत म्हणत राहिले. ती मी दिली होती. हैदराबादचा एक माणूस आला होता. उघडण्याआधी त्यानं किताब डोळ्याला लावली, म्हणून मला तो इमानदार वाटला. फोटो काढून आठ दिवसांत आणतो म्हणाला. तुमच्यावर आळ आला तवा मी गप बसले.

परवा माझ्या पोरीनं, आलियानं, मोबाइलवर ती शोधून काढली. परदेशातल्या एका लायब्ररीत काचेच्या पेटीत हाय. शेवटच्या पानावर आपल्या घरच्यांची नावं तशीच हायत. कुणी वारलं की अब्बा तिथं नावापुढं हळदीचं बोट टेकवायचे, आठवतं?

अब्बांच्या नावापुढं बोट हाय. अम्मी तर यंदाच्या रमजानात गेली, तिच्याबी नावापुढं हाय. किताब तिकडं, हळद इकडं. मग टेकवलं कुणी?

परवा तुमचं नाव कोरं होतं. काल परत बघितलं तर त्याच्यापुढं पिवळा ठिपका, ताजा, ओला.

आणि आज जुम्म्याच्या नमाजनंतर तुमचा फोन आला. "काहून रडून राहिली, हुमेरा?" म्हणालात. आवाज बराबर तुमचाच होता.

माफी मागायला हे पत्र लिहिलं, पण टाकत न्हाई. तुमच्या नावापुढं बोट टेकलंय हे तुमाला अजून माहीत नसंल, तर मी कशाला सांगू? पुढच्या जुम्म्यालाबी फोन करा.

तुमची गुन्हेगार बहीण,
हुमेरा