निचऱ्याची छत्तीस भोकं

४ ऑगस्ट, सोमवार

आलो एकदाचा! बांधकामाची कंपनी बंद पडल्यापासून चार महिने घरी लोळून अंगाला गंज चढला होता. दादाचा फोन आला, म्हणाला, असाच बसून राहणार असशील तर इथं येऊन बस, माझी भिंत सांभाळ. सख्खा भाऊ असावा तर असा. बॅग भरायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

दादाचं घर उताराच्या पायथ्याशी आहे आणि घरामागे त्याने स्वतः बांधलेली काँक्रीटची भिंत. पंधरा फूट उंच, ऐंशी फूट लांब, खाली रुंद, वर निमुळती. मी आल्या आल्या आधी भिंत बघितली, मग वहिनीला नमस्कार केला, त्यावरून तिने चांगलीच फिरकी घेतली. पण काम खरंच देखणं आहे. कुठे सळई उघडी नाही, कुठे पोकळ आवाज नाही. लोकांना वाटतं अशी भिंत माती अडवते. माती बिचारी गप्प पडून असते, जोर करतं ते तिच्यात मुरलेलं पाणी. म्हणून भिंतीत आरपार भोकं ठेवतात. इथं बारा-बाराच्या तीन ओळी, एकूण छत्तीस. ती वाहती राहिली तर भिंत शंभर वर्षं उभी राहील. बुजली तर एका पावसाळ्यात घरावर येईल.

माझं काम सोपं. रोज सकाळी भोकांतून सळई फिरवायची, ओळंबा सोडून भिंत किती कलली ते वहीत लिहायचं. घरात वहिनीची आई आणि दोघी पुतण्या आहेत, जागा नाही, म्हणून माझं अंथरूण भिंतीला टेकून बांधलेल्या सामानाच्या खोलीत. तिची मागची बाजू म्हणजे ही भिंतच. पत्र्याचं दार बाहेर उघडतं, खिडकी नाही, वर वीतभर झरोका. वहिनी म्हणाली, भाऊजी तिथं कसे झोपतील? मी काही बोलायच्या आतच दादा म्हणाला, त्याला भिंतीजवळच झोप लागते. आम्ही सगळेच हसलो.

५ ऑगस्ट

छत्तीसही भोकं स्वच्छ. बारीक धार लागलेली. ओळंबा जिथल्या तिथे. दादा शेजारी उभा होता, आकडा ऐकला आणि एकदम मला मिठी मारली. बाबा गेले तेव्हाही त्याने मला असं धरलं नव्हतं. मला अवघडल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं.

वहीची मागची पानं चाळली. सगळा महिना दादाच्या अक्षरात एकच ओळ: सगळी बुजलेली, काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळी बुजलेली. भिंत तीन मिलिमीटर पुढे आलीय. आणि मी आलो तर एकही भोक बुजलेलं नाही. माझा पायगुण, दुसरं काय!

८ ऑगस्ट

खोलीच्या कुलपाच्या भोकात चिकणमाती. वरून अंगठ्याने दाबून गुळगुळीत केलेली. पुतण्यांचा उद्योग समजून दोघींना लटकंच रागावलो. धाकटी रडवेली झाली. म्हणाली, आम्ही तिकडे येतच नाही, बाबांनी शपथ घातलीय.

भिंतीची भोकं स्वच्छ.

११ ऑगस्ट

पाण्याच्या बाटलीचं तोंड बुजलेलं. पेनाच्या टोपणाचं बारीक भोक बुजलेलं. खुंटीवरच्या शर्टाची सातही काजं बुजलेली, एकेक, नीट. इतकं बारीक काम कुठल्या पोराला जमणार? मी ओळखीच्या सगळ्या कारागिरांची मनात उजळणी केली. असा हात कुणाचाच नाही.

दादाला दाखवलं. त्याने शर्ट हातात घेतला, काजं मोजली आणि विचारलं, भिंतीचं काय? म्हटलं, जशीच्या तशी. मग झालं तर, म्हणाला.

जाता जाता त्याने एक हिशोब विचारला. काँक्रीटचं झाकण, तीन बाय सात फूट, नऊ इंच जाड, एका गिऱ्हाइकाच्या टाकीवर बसवायचं आहे. सोळा घनफूट माल, सिमेंट चार गोण्या, मी उभ्या उभ्याच सांगितलं. वर आगाऊपणाही केला, की सळयांची जाळी दोन्हीकडून टाक, नाहीतर कुणीही फोडेल. त्याने लिहून घेतलं.

१३ ऑगस्ट

जाग आली तेव्हा डाव्या कानाने ऐकू येईना. बोट घालून चिकणमातीची गोळी काढली. गार, गुळगुळीत, कानाच्या आकाराची. एक नाकपुडीही अर्धी भरलेली.

मिस्त्री गटार दुरुस्त करायला आला होता. दादाबरोबर ही भिंत त्यानेच बांधली. त्याला खोलीत बोलावलं तर उन्हातच उभा राहिला. मग खाली बघून सांगितलं. पाया खणताना डोंगराच्या पोटातलं काहीतरी मोकळं झालं. काय ते त्यालाही माहीत नाही. त्या जे काही आहे त्याला उघडं भोक बघवत नाही, एवढं खरं. पण जवळ श्वास घेणारं काही असलं तर ते आधी त्याच्या मागे लागतं, भिंतीकडे ढुंकून बघत नाही. जूनमध्ये दादाने घरचा कुत्रा इथं बांधला होता. नऊ दिवस भिंतीची भोकं वाहती राहिली. वहिनीला सांगितलं, कुत्रा पळाला. मिस्त्रीनेच त्याला पुरलं. तोंड, नाक, कान, सगळं लिंपलेलं.

तेव्हा दादा काय म्हणाला, तेही त्याने सांगितलं. कुत्रा लहान पडला, म्हणाला.

त्यानंतर मला फोन आला.

संध्याकाळ. दादासमोर जाऊन उभा राहिलो. नाकारलं असतं तरी मी विश्वास ठेवला असता. त्याने नाकारलं नाही. रडला. मुली त्या भिंतीखाली झोपतात, म्हणाला. घर विकलं तर दुसऱ्या कुणाची मुलं झोपतील. मी विचारलं, आणि मी? मी तुझा कोण? लहानपणी विहिरीवर माझा दंड घट्ट धरून उभा राहायचा तो हाच का? माझं आतून सगळं तुटलं.

म्हणाला, चुकलो, सकाळच्या गाडीने जा. बैठकीत झोप. स्वतः चहा करून दिला. प्यायलो मी. तरीही प्यायलो.

१४

खोलीत आहे. बैठकीत झोपलो होतो. खोलीत आहे.

डोकं जड. झरोक्यातून ऊन येतंय, दुपार असावी. फोन नाही. उशाला वही आणि पेन — हे का ठेवलं त्याने? भिंतीचे आकडे लिहायला?

दार ढकललं. हलत नाही. बाहेरून शटरिंगच्या फळ्या ठोकल्यात. फावडं, मिक्सर, मग काँक्रीट दाबून बसवायच्या व्हायब्रेटरची घरघर — ओळखतो मी हा आवाज.

वितीने दार मोजलं. तीन फूट. सात फूट.

चार गोण्या. जाळी दोन्हीकडून. मीच —

ओरडता येत नाही. घशात बोट घालून गोळा काढला. लगेच दुसरा. डावा डोळा चिकटला. समोर कुणीच नाही. फक्त गार —

दादा माझ्या भिंतीवर काम करतोय. माझा दादा.

वहिनी आली. ऐकू येतंय, उजव्या कानाने, थोडं. विचारते, भाऊजी न भेटता कसे गेले? दादा म्हणतो, पहाटेच गेला, तुला नमस्कार सांगितलाय. अगदी सहज. ती म्हणते, मुलींना तरी भेटायचं. तो म्हणतो, असाच आहे तो, त्याला कुणाची माया नाही.

मला.

सळई सापडली. पत्र्यावर मारली. दोनदा. पुन्हा. वहिनी थांबली. विचारते, आत काय वाजलं?

वहिनी दाराकडे — पावलं — ती जवळ —

व्हायब्रेटर पुन्हा सुरू के