मी न घासलेली पाठ

"ताई, वळा बघू तिकडं. पाठीला काय आपला आपण हात पोचतोय व्हय?"

हे वाक्य शेहेचाळीस वर्षांपूर्वी एका अनोळखी बाईने मला म्हटलं. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे ठाऊक आहे. पण पुढची वाटणी त्या वाक्यामुळे अशी झाली आहे, म्हणून ते आधी.

मी, पे बोंगनिम, वय सत्तर, कै. मिन यांची पत्नी, योंगदोक बंदरावर सार्वजनिक न्हाणीघर चालवणारी, हे स्वतःच्या हाताने लिहिते आहे. डोकं ताळ्यावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची इथे गरज नाही. कोणी भरीस घातलेलं नाही.

१. न्हाणीघराची दुमजली इमारत, बॉयलर आणि खालची जमीन सून यांग मीओक हिला. मुलगा ग्यूचान याला नाही, तिला, तिच्या एकटीच्या नावावर. विकायचं असेल तर खुशाल विकावं.

२. बँकेतली शिल्लक नात हेवॉन हिला. तिला मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.

३. गिऱ्हाइकांचं अंग घासायचं टेबल, हातमोजे आणि मागची खोली पुनसुकला. सव्वीस वर्षं ती माझ्याकडे बायकांची अंगं घासते आहे. आत्ता मागे उभी राहून वाचते आहे. "ताई, मृत्युपत्रात रडगाणं लिहितात का? घरादाराचं काय ते लिहा आणि जेवायला चला." तिला काही देते आहे म्हणून ती साक्षीदार होऊ शकत नाही, त्याचा राग आहे तिला.

४. श्राद्धाची पितळी भांडी नणंदेला. तीस वर्षं तिचा त्यांच्यावर डोळा आहे आणि मी ती मुद्दाम दिली नव्हती. पण गेल्या वर्षी तिने स्वतःच्या फोनवर हेवॉनचा फोटो दाखवला. "बघून घे पटकन, ग्यूचान-मीओकला कळलं तर मला शिव्या बसतील." तेवढ्यासाठी.

५. इमारत मीओकला का, हे नणंद विचारणारच. म्हणून लिहिते.

माझं पहिलं मूल एकोणीस दिवसांचं होऊन गेलं. महिन्याने मी याच न्हाणीघरात गेले, तेव्हा ते दुसऱ्याचं होतं. दूध अजून येत होतं. बायकांनी आपापली स्टुलं माझ्यापासून लांब सरकवून घेतली. मी भिंतीला पाठ टेकून बसले. तेवढ्यात ती बाई आली, घासायची थैली हातात चढवली आणि वरचं वाक्य बोलली. मानेपासून कमरेपर्यंत तिने माझी पाठ घासली. काही विचारलं नाही. ऊन पाणी ओतताना एवढंच म्हणाली, "रडायचं तर रडा. पाण्यात कुणाला कळतंय?" मी रडले.

मग ती वळून बसली. रीतच आहे ती. एकीने घासली की दुसरीने तिची घासायची. मी थैली हातात घातली, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "बोलणं ऐकलंस का? जोल्लावाली आहे. साबण सांभाळा गं आपापला!" सगळ्या हसल्या. जोल्ला म्हणजे डोंगरापलीकडचा मुलूख. त्या काळी आमच्याकडे तिकडच्या माणसाला खोलीही भाड्याने देत नसत. मी थैली काढली, स्टुलावर ठेवली आणि कपडे घालायला गेले. काचेच्या दारातून पाहिलं. ती तशीच पाठ करून बसली होती. मी थैली धुते आहे, असं तिला वाटलं असावं.

नाव विचारलं नव्हतं. परत कधी दिसली नाही.

एवढं होऊनही मी शिकले नाही. वीस वर्षांपूर्वी ग्यूचान मीओकला घेऊन आला. मुलगी जोल्लाची. मी म्हटलं, "लग्न करा, माझी ना नाही. फक्त लग्नात हिने तोंड उघडू नये. सगळं बंदर येणार आहे."

ती म्हणाली, "आणि माझी आय? ती काय मुकी होऊन येईल व्हय?"

ग्यूचान म्हणाला, "आई, तू काय बोललीस ते तुला तरी ऐकू आलं का?" मीओकने बूट चढवले. त्यांचं लग्न तिच्या माहेरी झालं. मला कळवलं, बोलावलं नाही.

इमारत देऊन हे भरून निघेल असं मला वाटत नाही. मीओकने तसं समजू नये.

या आधीची दोन मृत्युपत्रं मी फाडली आहेत. हेच खरं.

ठिकाण: योंगदोक, बंदर गल्ली
दिनांक: २० नोव्हेंबर २०२४
पे बोंगनिम (सही व शिक्का)

आमच्यासमोर लिहिलं व सही केली. सगळं वाचलं.
साक्षीदार: चो मानहो, औषधाचे दुकानदार
साक्षीदार: प्यो इन्जा, सुक्या मासळीचं दुकान

शिक्क्याखाली जागा उरली आहे. मीओक, हे कायद्याचं नाही, तुला बंधन नाही.

माझ्या अंत्यविधीला, आलेल्यांना भेटायला, माझ्या फोटोशेजारी घरच्यांची रांग लागेल. त्या रांगेत पहिली तू उभी राहा. बंदरावरच्या सगळ्या बायका येतील, वाकतील. प्रत्येकीशी तू बोल, तुझ्या बोलीत, खणखणीत. तू नाही म्हणशील. तुझ्या जागी मी असते तर मीही आले नसते. तरी ये.