सहादूच्या गाडीची बॅटरी

४ जून १९७९

आज परत ढकलली! तिसरी वेळ. चार दिवस गाडी दारात उभी होती, बॅटरी ठार. सहादू टाय लावून स्टिअरिंगवर आणि मागून आम्ही सहा जण घामाघूम. कॉलनीतली माणसं हळहळत होती. मीही हळहळलो — खोटं! आतून नुसत्या गुदगुल्या होत होत्या. वहीत तरी खरं लिहावं.

सहादू आणि मी निफाडकडचे, एका गावचे, एका बाकावरचे. शाळेत गुरुजींचा रेडिओ मी दुरुस्त केला तेव्हा हा नुसता सेल धरून उभा होता. आता तो बँकेत ऑफिसर. मी पंधरा वर्षं वर्कशॉपात बसगाड्यांच्या वायरी जोडतोय. त्याच्या दारात फियाट, माझ्या दारात सायकल, तीही पंक्चर.

गाडी त्याने मिरवायला घेतली असं मी सगळीकडे सांगतो. तसं नाही. मागच्या साली चांगुणावहिनींना कळा सुरू झाल्या आणि रिक्षाच मिळेना. बाळ वाटेत गेलं. आता पुन्हा दिवस भरत आलेत, जुलैच्या पहिल्या आठवड्यातली तारीख आहे. त्यासाठी गाडी. हे ठाऊक असूनही जळतो मी. काय करू?

५ जून

आज एका चावीत सुरू झाली. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

९ जून

सहादू घरी आला. चहा घेतला. "भिकन, एकदा बघ ना रे गाडीकडं. तुझ्याशिवाय कोणाला कळायचं?"

मी जागचा हललो नाही. म्हटलं, "बघायचं काय त्यात? प्लेटा गेल्या. नवी बॅटरी घाल." बॉनेटसुद्धा न उघडता!

तो गेल्यावर मालन म्हणाली, "अहो, चार पावलं तर होती. बघितलं असतं तर काय झिजला असतात?"

तिला काय सांगू! बुद्धपौर्णिमेला त्याची आई, ठमामावशी, हट्ट धरून बसली होती — गाडीतल्या मूर्तीपुढे दिवा पाहिजे. सुट्टीचा दिवस, पण मीच गेलो. डॅशबोर्डवर छोटी बुद्धमूर्ती बसवली, पुढे निळा बल्ब लावला. काम चालू असताना बँकेचे साहेब आले. सहादूने ओळख करून दिली — "हा आमचा वायरमन." वायरमन! मित्र नाही, गाववाला नाही, वायरमन! दिवा पेटला, सगळ्यांनी हात जोडले, खीर वाटली. मी खीर न घेताच निघून आलो. अजून ती वाटी डोळ्यांपुढून जात नाही.

१४ जून

नवी बॅटरी आणली त्याने. माझ्या एका शब्दावर! सगळी कॉलनी बघायला. मी खिडकीतूनच बघितली. काळी कुळकुळीत. लोकांच्या गळ्यात सोनं बघून बायका जळतात म्हणे, मी बॅटरी बघून जळतोय.

सूर्य कलला की सहादू गाडीला कापडी कव्हर घालतो. सकाळी ऑफिसच्या वेळेला काढतो. लहान मुलाला पांघरूण घालावं तसं. मालनला म्हटलं, "आता अंगाईपण म्हणेल." ती हसली नाही.

१८ जून

नवी बॅटरीही उतरली!!

पहिल्यांदा आनंद झाला. इतका, की दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मग चांगुणावहिनी ओट्यावर दिसल्या. पोटावर हात ठेवून गाडीकडे बघत बसलेल्या. हातातला तुकडा ताटात परत ठेवला.

ठमामावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "लिंबू-मिरच्या आपन बांधीत नाय, पन ह्या गाडीला कोणाची तरी नजर लागली, एवढं खरं."

कोणाची ते मला विचारा!

संध्याकाळी मालनशी भांडण झालं. ती म्हणाली, "गाडीवर जळा, नोकरीवर जळा. पण त्यांच्या घरात मूल येतंय त्याच्यावर तरी जळू नका. मी नाही जळत, तर तुम्ही कशाला?" आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. ती भाकरी थापत होती आणि तिचे डोळे भरलेले होते. मी उठून बाहेर गेलो. उद्या जाऊन बघतोच, असं ठरवलं.

१९ जून

गेलो नाही. त्याने आज बोलावलंच नाही. मी काय आपणहून जाऊ?

२२ जून

हद्द झाली! गाडी घेऊन पार द्वारक्याच्या चौकात गेला, कोण्या मिस्त्रीकडे. दोन घरं सोडून मी बसलोय, आणि हा द्वारक्याला! म्हणे अर्ध्या तासात फॉल्ट सापडला.

मी मुद्दाम फाटकापाशी उभा राहिलो. विचारलं, "काय निघालं?"

"काही नाही रे, किरकोळ."

"किरकोळ म्हणजे?"

"झालं ना आता ठीक!" आणि हसला. त्या हसण्याने अंगाची आग आग झाली. मला न सापडलेला फॉल्ट दुसऱ्याला सापडला म्हणून हसला. मी तर शोधलाही नव्हता! पण ते कोण सांगणार, आणि कोणत्या तोंडाने?

२५ जून

गाडी रोज सुरू होते आहे. एका चावीत.

नवीन थेर — रोज सकाळी बॉनेट उघडतो, संध्याकाळी कव्हर घालण्याआधी परत उघडतो. आत डोकं घालून काहीतरी करतो आणि हात पुसत बाहेर येतो. इंजिन कशाशी खातात हे याला ठाऊक नाही! लोकांना दाखवायचं, दुसरं काय. मालनला हे सांगायला गेलो तर म्हणाली, "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून." तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

२७ जून

आजही उघडलं. दोन्ही वेळा.

१ जुलै

सहादूला बँकेच्या जीपने सुरगाण्याला जावं लागलं. तीन दिवसांचं काम, टाळता येईना. जाताना घरी आला आणि गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. "तुझ्या वहिनीचं तूच बघ. तुझ्याशिवाय कोण आहे?"

कॉलनीत गाडी चालवणारे आणखी दोघं आहेत. तरी माझ्याकडे आला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

दारातून परत वळला. "सुरू झाली नाही, तर आधी बॉनेट उघड हं."

मला शिकवतो! पंधरा वर्षं वायरी जोडणाऱ्याला!

२ जुलै

जमेल तसं लिहितो.

सोमवार, माझी सुट्टी. अकराच्या सुमाराला ठमामावशी ओरडत आली — कळा सुरू झाल्या. मी धावलो. मालनने आणि मावशीने वहिनींना मागच्या सीटवर बसवलं. गडबडीत कव्हर मागूनच वर सारलेलं, पुढची काच झाकलेलीच. चावी फिरवली. काही नाही. टकसुद्धा नाही! वहिनींनी मालनचा हात धरला आणि म्हणाल्या, "परत तसंच होणार का हो भाऊजी?" किती दिवस मी या गाडीचं वाईट चिंतलं होतं!

कव्हरची पुढची कड काचेवर लोटून बॉनेट उघडलं. बॅटरीचं एक टर्मिनल काढून बाजूला ठेवलेलं, वर स्वच्छ फडकं गुंडाळलेलं. म्हणजे सहादू रोज संध्याकाळी हेच काढत होता आणि सकाळी लावत होता! मी टर्मिनल बसवायला गेलो तर चट् करून ठिणगी उडाली. चावी बंद, दिवे बंद, सगळं बंद, आणि ठिणगी? याचा अर्थ एकच — कुठेतरी करंट चाललाय.

उघड्या दारातून आत बघितलं. झाकलेल्या काचेमागे, अंधारात, मूर्तीपुढचा निळा दिवा पेटला होता.

आत बसून डॅशबोर्डखाली हात घातला. जोड लागला. माझीच लाल टेप, वर माझीच दोऱ्याची गाठ. वर्कशॉपात कोणीही ओळखेल. चावीच्या वायरीला जोडायचा दिवा त्या दिवशी घाईत सरळ बॅटरीच्या वायरीला जोडला होता. पंगत उठली की बदलू म्हटलं होतं. मग तो ‘वायरमन’ शब्द, मग मी तरातरा घरी. दिवा रात्रंदिवस जळत राहिला. कव्हरखाली कोणाला दिसणार, आणि उन्हात निळा बल्ब कोणाला कळणार? नवी बॅटरी कशाला घ्यायला लावली मी!

तेवढा विचार करायलाही वेळ नव्हता. कव्हर फेकलं. चावी फिरवली. सुरू झाली! दवाखान्यात पोचेपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

दोन वाजता मुलगी झाली. मालनने माझ्या हातात दिली. एवढीशी! हेवा वाटला का? वाटला. पण रडूही आलं, आणि आधी रडू आलं.

४ जुलै

सहादू आला. पेढे घेऊन पहिल्यांदा आमच्याकडे. मी टूलबॉक्स उचलला, गाडीत बसलो आणि वायर काढून चावीच्या लाइनला जोडली. तो दाराला टेकून बघत होता. चावी फिरवली की दिवा लागतो, काढली की विझतो. दोनदा करून दाखवलं.

त्याला सगळं ठाऊक होतं. द्वारक्यापासून! आणि कॉलनीत कोणापुढे माझं नाव काढलं नाही. गाडीवर जळलो, नोकरीवर जळलो. आता त्याच्या चांगुलपणावर जळायचं राहिलं होतं, तेही झालं. झोप येईना.

६ जुलै

न राहवून आज विचारलंच. "कळलं होतं तर वायर काढून का नाही टाकलीस? दोन वेळा टर्मिनल कशाला काढत बसलास?"

सहादू म्हणाला, "खरं सांगू? रोज संध्याकाळी तो दिवा बघायचो आणि मग टर्मिनल काढायचो. बरं वाटायचं. गुरुजींच्या रेडिओपासून वाट बघत होतो रे — एकदा तरी तुझा हात चुकावा."

म्हणजे हा पण!