वयाचा रकाना

प्रिय सृष्टी,

तुमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गोजरबाई लेकीकडे नगरला आल्या होत्या, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. शाळेतच वाच आणि वाचून झालं की त्यांच्या चुलीत घाल. घरी नेलंस तर मोबाईलसारखं हेही काढून घेतील.

अण्णांनी मला समाजकार्याला कसं घातलं, तुला ठाऊक नसेल. ‘समाजकार्य पदवी’ वाचून त्यांना वाटलं, आपल्या समाजाचं, म्हणजे आपल्या जातीचं काम शिकवतात. पारावर सांगत सुटले, “आमची निकी समाजाचं शिकतीय. उद्या मंडळात उभी ऱ्हाईल.” मला हसू आलं, पण तोंड उघडलं नाही. खरं सांगितलं असतं तर बारावीनंतर माझंच लग्न लागलं असतं. त्या गैरसमजावर मी तीन वर्षं काढली. इथे नगरजवळ नागापूरला अमृतदादाच्या खोलीत राहायचं, त्याचा डबा करायचा आणि गुरुवार-शुक्रवार क्षेत्रकार्याला वस्तीत जाऊन आयांना सांगायचं, अठराच्या आत पोरीचं लग्न करू नका. कॉलेजातल्या बाई म्हणायच्या, निकिता, तुझं लोक ऐकतात.

मग पाथर्डीला समाजाचा वधू-वर मेळावा निघाला. अण्णांना वाटलं, शिक्षण कामी आलं. मला नोंदणीच्या टेबलावर बसवलं. समोर तुझे वडील, माझे सहादेवकाका, आणि त्यांच्या मागे तू, माझ्याच जुन्या पंजाबी ड्रेसात. वयाच्या रकान्याशी माझा पेन थांबला तसे काका म्हणाले, “येकुनीस धर.” तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. मीठ जास्त झालं होतं, तेही आठवतं. तू सोळाची आहेस हे मला कुणी सांगायला नको. पण मागे रांग होती, अण्णा खांद्याशी उभे होते. मी एकोणीस लिहिलं. वर काका म्हणाले, पोरीचं अक्षर लई झ्याक हाय.

त्याच कागदावर कोपरगावचं स्थळ आलं. ऊस, बारमाही पाणी, मुलगा तीस वर्षांचा. सगळे म्हणतात, पोरीनं नशीब काढलं. हे थांबवू या, असं मी दादाला म्हटलं. तो म्हणाला, “तुजं शेवटचं वर्स हाय. गप परीक्षा दे, न्हाईतर बॅग उचल.” तेव्हापासून तो मला कॉलेजच्या गेटवर सोडतो आणि गेटवरूनच परत नेतो. क्षेत्रकार्य बंद झालं. खोलीत बसून मी बालविवाहावरचा अहवाल लिहिते आणि माझी मलाच किळस येते. बोलले तर पदवी गेली, न बोलले तर तू. दोन आठवडे मी पदवीच धरून बसले होते, हे तुला कळायला हवं.

आज कॉलेजातल्या बाईंच्या फोनवरून मी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाईनला, कळवलं. तुझं नाव सांगितलं, खरं वय सांगितलं आणि खोटं कुणी लिहिलं तेही सांगितलं. हळदीच्या आधी त्यांची माणसं तुमच्या घरी येणार आहेत. काका म्हणतील, शाळेतच जन्मतारीख चुकलीय, आणि मेळाव्याचा कागद पुढे करतील, हे बघा, आमच्या शिकलेल्या निकीच्या हातचं. मग ती माणसं तुला विचारतील. माझ्यावर काही येऊ नये म्हणून तू एकोणीसच म्हणशील, याची मला भीती वाटते. मी फोडलेल्या कळशीचा मारही तूच खाल्ला होतास. या वेळी मला वाचवू नकोस. सगळ्यांसमोर, मोठ्यानं सोळा म्हण.

तुझ्या वयाशी खोटं वागलेली, तरी तुझीच,
निकीताई