करवंदाची जेली, एकट्याने

४ मे
औंढ्याच्या करवंदवाल्या मावशी दारात. पाटीभर करवंदं. "काकी कुटं हायेत?" म्हटलं, पुण्याला, मुलाकडे, नात सांभाळायला. "आजून? थंडीत गेलत्या न्हवं?" व्हय म्हणालो. सगळी पाटी ठेवून घेतली. दरसाल या दिवसांत शमीम जेली करते, म्हणून हात आपोआप पुढे झाला. जन्मभर स्टोव्ह दुरुस्त केले, पण त्यावर कधी चहापलीकडे काही केलं नाही.

५ मे
निवडायला बसलो. काळी, टपोरी तेवढी ठेवली. हिरवी-लाल फेकून दिली. करायची तर उत्तम मालाची. शिजवून श.च्या जुन्या मलमलच्या ओढणीत बांधली, उलट्या स्टुलाच्या पायांना टांगली. रस टपकतोय. घरात तेवढाच आवाज. रेडिओ लावला. बंद केला.

६ मे
साखर घालून आटवलं, बाटल्या भरल्या. संध्याकाळी बाटली तिरकी केली तर सरबत! पुन्हा उकळलं तर चिकट पाक. झक मारली आणि श.ला फोन केला. मागे झोयाचा दंगा.
"कच्ची घातलीत ना?"
"निवडून फेकली."
"या अल्ला! अहो, कच्च्यांनीच तर जेली घट्ट होते. मूठ दोन मूठ हवीतच."
खूप हसली. किती दिवसांनी ऐकलं. मग नात पडली की काय, फोन ठेवला. झोयाला जूनमध्ये पाळणाघरात घातलं की परत येणार, असं ठरलंय. ते अजून नक्की ना, हे विचारायला फोन केला होता खरं तर.

९ मे
मावशींकडून आणखी करवंदं. या खेपेला कच्ची घातली. ओढणी पिळली नाही, पिळली की जेली गढूळ होते, अशी श.ची ताकीद. गार बशीवर थेंब टाकला, बोटाने सरकवला, सुरकुती पडली. "झाली!" असा ओरडलोच. कुणाला सांगतोय? गप्प बसून गरम गरमच बाटल्यांत ओतली, झाकणं आवळली.

१७ मे
इम्रान सगळ्यांना घेऊन आला, दिवसभरासाठी. बाटल्या खिडकीत मांडल्या होत्या. श.ने एक बाटली उलटी धरली. जेली हलली नाही. चमचाभर चाखली. "माझ्यापेक्षा बरी," म्हणाली. मी फुगलो.
तेवढ्यात इम्रान पाठ थोपटत, "अब्बा, कमाल केलीत! आम्ही उगीच काळजी करत होतो. अम्मी, मग तू राहा ना झोया शाळेत जाईपर्यंत. पाळणाघर काय, परकं ते परकंच."
अरे गाढवा, तुझी आई घरी यावी म्हणून केली ही जेली! हे मनात. तोंडातून काय निघालं, तर "हो हो, माझं चाललंय की." जीभ झडो मेली. श. माझ्याकडे बघत राहिली. मग ओढणी सावरून त्यातल्या दोन बाटल्या पिशवीत भरायला लागली.

१८ मे
करमत नाही. दुकानात गिऱ्हाईक असतं तोवर बरं. शटर ओढलं की घरी जाववत नाही. स्टेशनपर्यंत उगीच चक्कर मारून आलो. दोन पोळ्या केल्या, एक उरली.

२१ मे
राग इम्रानवर काढून काय उपयोग. बोलायला हवं होतं तेव्हा मीच...

२४ मे
श.चा फोन. गॅस, पाणी, गुडघे, नेहमीच्या चौकश्या. न राहवून म्हणालो, "जेली पातळ झाली."
"कुठली?"
"तीच. सगळ्या बाटल्या. येऊन बघ जरा."
त्याच जेलीची बाटली तिच्या ओट्यावर आहे, रोज पोळीला लावून झोयाला भरवते. कालच सांगत होती.
"अगदीच पातळ?"
"पाणी झालंय नुसतं."
"मग बघायलाच हवं," म्हणाली. काही बोलणार होती, तेवढ्यात मागून इम्रानची हाक आली, अम्मी, आणि फोन बंद झाला.