शुभंकरचा थर

१२ जाने., राजुरा
विहारात माझा सत्कार. बाबांनी नवा शर्ट घातलेला. मोबाइलच्या चिपवर केसाहून कितीतरी बारीक रेषा पॉलिमरकडून आपोआप कशा आखून घ्यायच्या, ते मी सोपं करून सांगितलं. पॉलिमरच्या दोन साखळ्या, एकमेकींशी पटत नाही, पण टोकाला जोडलेल्या. त्यांच्या खाली कुणाचीच बाजू न घेणारा थर असला तर रेषा उभ्या राहतात. नाहीतर आडव्या पडतात.
"तो थर मी बनवला," मी म्हणाले.
मी! थर शुभंकरचा. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर त्यानं बनवलेला. त्याची फेलोशिप संपली, तो मुलचेऱ्याला घरी गेला.
टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तो मागच्या रांगेत दिसला. बाबांनीच बोलावलेलं. तोही वाजवत होता.

१३ जाने.
काल जाताना शुभंकर एवढंच म्हणाला, "तुह्या बाबाले लय आनंद झाला." टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.
बाबांना खरं सांगायला गेले. ते काकांना सत्काराचे फोटो दाखवून राह्यले होते. मी परत फिरले.

२० जाने., चंद्रपूर
शुभंकरनं लॅबमध्ये बनवून ठेवलेला थर संपला. त्याच्याच पद्धतीनं नवा केला. मायक्रोस्कोपखाली सगळ्या रेषा आडव्या.
लॅबचे सर म्हणाले, "शुभंकरले विचार ना."
कोणत्या तोंडानं?

२४ जाने.
पुन्हा आडव्या. सरांकडून आमच्या संशोधनाच्या पेपरचा मसुदा आला. लेखकांत शुभंकर नाही, शेवटी नुसते आभार.
सर : "तो तर सोडून गेला. चालते ना?"
"हो."
हो म्हणाले मी. विचार न करता. की करून?

२ फेब्रु., मुलचेरा
आले त्याच्या घरी. ओसरीवर शिकवणी घेतो. आईनं भात-मासोळी वाढली. जेवण झाल्यावर माफी मागितली, विहारातली, पेपरातली, सगळी. त्यानं ऐकून घेतलं. मग मी पिशवीतून बिघडलेला नमुना काढला. आज काढायलाच नको होता.
"माफी मांगाले आली का थर मांगाले?"
"दोन्ही."
त्यानं नमुना उजेडाकडे धरून पाहिला. मग, "सरले फोन लाव. माह्यासमोर."
लावला. सरांनी उचलला नाही. शिकवणीची पोरं आली, तो उठला.

त्याच दिवशी, बसमध्ये
आष्टी सोडल्यावर रेंज आली. सरांचे दोन मिस्ड कॉल.
त्याच्यासमोर बोलले असते, पेपरात त्याचं नाव हवं म्हणून. आता शेजारी ओळखीचं कोणी नाही.
फोन हातात आहे.