पहिली स्वॅलो

१ मार्च, शनिवार
नवी डायरी. यंदा ओळी फार फिकट छापल्यात, म्हणून जाड मार्करने लिहितोय.

संकल्प: या वसंतातल्या तिन्ही पहिल्या नोंदी माझ्या. चिफचॅफ पक्षी, पिवळं ब्रिमस्टोन फुलपाखरू आणि आफ्रिकेतून येणारी स्वॅलो, म्हणजे आपली माळभिंगरी. कॉव्हेंट्रीतल्या आपल्या मराठी मंडळींचा पक्ष्यांचा ग्रुप अलकाताई चालवतात. सायन्स टीचर होत्या, आता रिटायर्ड. दरवर्षी सगळ्या पहिल्या नोंदी त्यांच्याच. ग्रुप चालवायचा आणि बक्षीसही आपणच न्यायचं, हे मला पटत नाही. मी आयुष्यभर गिअरबॉक्सच्या फॅक्टरीत क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. केसाएवढी चीर नुसत्या डोळ्यांनी पकडायचो.

ता. क. बाथरूमच्या दाराची चौकट मध्येच वाकलीय. घर खचतंय की काय? बिल्डरला फोन करणे. आमच्या हिला, नीनाला, दाखवलं. "सरळ आहे की," म्हणाली. बायकांना या गोष्टी दिसत नाहीत.

९ मार्च, रविवार
विजय! सकाळी तळ्याजवळ विलोच्या झाडात चिफचॅफ. यंदाचा पहिला. चिफ-चॅफ, चिफ-चॅफ, स्वच्छ. लगेच ग्रुपवर टाकलं. अलकाताईंनी विचारलं, दिसला का? लिहिलं, अर्थातच, डोक्यावरचा पिवळा पट्टासुद्धा. त्यांचं उत्तर: "पिवळा पट्टा म्हणजे गोल्डक्रेस्ट, तो पक्षी वेगळा. पण मुरलीधर, आवाज तुम्ही बरोबर ओळखलात. तुमचा कान फार चांगला आहे, त्याच्यावर विसंबा ना."

सगळ्यांसमोर! कान चांगला म्हणे. म्हणजे डोळे काय वाईट आहेत?

नवी दुर्बीण ऑर्डर केली. जुन्या दुर्बिणीच्या काचेवर बरोबर मध्यभागी डाग पडलाय. कितीही पुसला तरी जात नाही.

१६ मार्च, रविवार
नवी दुर्बीण आली. हिच्यातही डाग. परत पाठवणे. कडक रिव्ह्यू लिहिणे.

कालव्याकाठच्या हेजवर, त्या झुडपांच्या कुंपणावर, ब्रिमस्टोन. लिंबासारखं पिवळं, पंख मिटून बसलेलं. श्वास रोखून, वाकून जवळ गेलो. पाठ भरून आली पण हललो नाही. वाऱ्याने पंख थोडे थरथरत होते. फोटो काढून ग्रुपवर टाकला.

ती कुत्र्याच्या घाणीची पिवळी पिशवी निघाली, कोणीतरी बांधून फांदीला अडकवलेली.

ग्रुपवर हसण्याचे चेहरेच चेहरे. अलकाताई हसल्या नाहीत. त्यांनी मला वेगळा मेसेज केला, डोळे तपासून घ्या म्हणून. ते जास्त लागलं. नीना वाचत होती शेजारी बसून. तिने तिथल्या तिथे ऑप्टिशियनची अपॉइंटमेंट घेतली.

१८ मार्च, मंगळवार
ऑप्टिशियन. पोरगी आमच्या नातीहून, ईशिताहून, फार तर चार बुकं पुढे असेल. कागदावर आखलेल्या कसल्या तरी चौकटी दाखवल्या. म्हटलं, तुमचा कागद चुरगळलाय. म्हणाली, कागद सरळ आहे. डोळ्याच्या आतले फोटो काढले. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात बोलायला लागली. डाव्या डोळ्याचा मधला भाग गेलाय, उजव्याचाही जातोय. हॉस्पिटलला अर्जंट कळवते. आणि आजपासून गाडी चालवू नका, लायसन्सच्या ऑफिसला तुम्ही स्वतः कळवायचं.

ही माणसं स्वतःच्या अंगाशी येऊ नये म्हणून वाईटातलं वाईट सांगून ठेवतात. कडेने मला उत्तम दिसतं. हॉस्पिटलने बोलावलं की बघू. तोवर सगळ्यांना घाबरवून काय उपयोग?

नीना बाहेर बसली होती. काय म्हणाली, विचारलं. सांगितलं, नंबर थोडा वाढलाय.

गाडी मीच घरी आणली. नीना गाडी चालवत नाही. मी नाही चालवली तर या घरात कोण चालवणार?

२९ मार्च, शनिवार
नियम केला: फक्त ओळखीचे रस्ते, फक्त दिवसाउजेडी, सावकाश. म्हणजे जवळजवळ न चालवल्यासारखंच. त्या मुलीचंही ऐकलं, माझंही भागलं.

दुकानातून येताना डावं चाक फुटपाथच्या कडेवर, कर्बवर, चढलं. नीना म्हणाली, "अहो, तो कर्ब होता." म्हटलं, या कौन्सिलला रस्ता रुंद करता येत नाही, अरुंद बरोबर करता येतो. ती हसली नाही.

दक्षिणेत डेव्हनला स्वॅलो पोचल्या. आठवड्यात आपल्याकडे. तयारी सुरू.

६ एप्रिल, रविवार
दक्षिणेचा वारा. नीना झोपेत असतानाच निघालो. तळ्याकडच्या अरुंद गल्लीत कोवळं ऊन बरोबर समोरून. डाव्या आरशाला काहीतरी धाडकन लागलं. फांदी. शेतकरी हेज छाटत नाहीत, मग हे होणारच. गल्लीत थांबायला जागा नाही, थांबलो नाही.

तळ्यावर बराच वेळ उभा राहिलो. पाण्यावरून काहीतरी काळं सर्रकन गेलं. कडेने दिसलं, पण पक्कं दिसलं. स्वॅलो! ग्रुपवर टाकलं: "यंदाची पहिली स्वॅलो. मुरलीधर."

कोणाचंही उत्तर नाही. अलकाताईंचंही नाही. जळतात लोक.

त्याच दिवशी, संध्याकाळी
भयंकर. अलकाताईंना गाडीने उडवलं. सकाळी, तळ्याच्या गल्लीत. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईला त्या हेजखाली सापडल्या. खुबा मोडला, हात मोडला, डोक्याला मार. गाडीवाला थांबलासुद्धा नाही.

मी त्याच रस्त्याने गेलो होतो! थोडं मागेपुढे झालं असतं तर तो हरामखोर मलाच दिसला असता. ग्रुपवर लिहिलं: "असल्या माणसाचं लायसन्स जन्मभरासाठी काढून घेतलं पाहिजे." पुष्कळ हात जोडलेले आले. ग्रुपमधल्या यतीनने लिहिलं, काका, अगदी मनातलं बोललात.

नीनाने विचारलं, तुम्ही कुठे होतात सकाळी? सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली.

७ एप्रिल, सोमवार
हॉस्पिटलला गेलो. नीना म्हणाली, बसने जाऊ. बसने गेलो.

अलकाताई उशीवर एवढ्याशा दिसत होत्या. की मलाच तसं वाटलं. चेहरा नीट कळत नव्हता, आवाजावरून अंदाज घेतला. म्हणाल्या, गल्लीच्या कडेला उभी होते, दुर्बीण डोळ्याला. शेतावरून अगदी खालून आली, स्वॅलो. लांब शेपटी, लाल गळा, सगळं स्पष्ट. "इतका आनंद झाला मुरलीधर, मागचं काही ऐकूच आलं नाही." गाडी निळी होती, एवढंच आठवतंय.

निळ्या गाड्या कॉव्हेंट्रीत हजारो.

मग म्हणाल्या, "तुम्हालाही दिसली ना त्याच सकाळी? नोंद तुमच्याच नावावर राहू दे. मला कुठे लिहायला जमलं."

मी बरं म्हटलं. काय म्हणायला हवं होतं?

नर्सने नीनाला बाहेर सांगितलं, आता चालायचं म्हणजे आधाराची फ्रेम घेऊनच, तेही जमलं तर. एकट्या राहतात. मुलगा ऑस्ट्रेलियात.

बसमध्ये मी गाडीवाल्याला शोधून काढायचा प्लॅन सांगत होतो. गल्लीतल्या घरांचे कॅमेरे बघायचे, वगैरे. नीना खिडकीबाहेर बघत होती.

८ एप्रिल, मंगळवार
सकाळी नीना घरासमोरच्या ड्राइव्हवर, गाडीशी. हाक मारली. डावा आरसा तुटून लोंबत होता. म्हटलं, फांदी. तिने विचारलं, आणि हे काय? म्हटलं, काय? काहीच नाही. तेव्हा तिने माझं बोट धरलं आणि आरशाच्या फटीत ठेवलं. मऊ लागलं.

"लोकर आहे," ती म्हणाली.

म्हटलं, गल्लीच्या दोन्ही बाजूंना मेंढ्या चरतात. हेजला अडकलेली असणार.

"जांभळी मेंढी?"

अलकाताई जांभळी टोपी घालतात. हातांनी विणलेली. नीनानेच विणून दिली होती.

मग तिने विचारलं, ऑप्टिशियनने नक्की काय सांगितलं होतं? सांगितलं. ती पायरीवर बसली. रडली नाही. म्हणाली, "मला कर्बच्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प बसले." मग म्हणाली, "तुम्ही फोन करा. जेवणापर्यंत थांबते. नाहीतर मी करते."

मी करणारच होतो. आधी सगळं मुद्देसूद लिहून काढावं, असा विचार होता. ऊन समोरून होतं, हेज वाढलेली होती, त्या रस्त्याच्या इतक्या आत उभ्या होत्या. शिवाय मुलाला, समरला, फोन करून विचारावं, त्याच्या ओळखीत सॉलिसिटर आहे. चहा घेऊन बसलो. तळ्यावरचं ते काळं सारखं आठवत होतं. स्वॅलोच होती ना?

हॉलमधून नीनाचा आवाज आला. ती फोनवर आमचा पत्ता सांगत होती. पोस्टकोड दोनदा सांगितला, एकेक अक्षर सुटं करून.

९ एप्रिल, बुधवार
दोन पोलीस आले. एक बाई, एक पुरुष. सभ्य. आरशाचे फोटो काढले, लोकर पिशवीत घातली. मी सांगितलं, क्वालिटी इन्स्पेक्शनमध्ये होतो, नजरेवरच नोकरी होती. बाई म्हणाली, बाहेर येता का जरा?

बाहेर आलो. म्हणाली, समोर रस्त्यापलीकडे गाडी उभी आहे, तिची नंबर प्लेट वाचा. म्हटलं, डोळ्यावर ऊन येतंय. म्हणाली, ढग आहेत सर, पण सावकाश वाचा, घाई नाही.

मान थोडी डावीकडे केली. मग उजवीकडे. कडेने बघितलं की जमतं एरवी. बराच वेळ बघितलं. शेवटी विचारलं, "कुठली गाडी?"

बाई काहीतरी लिहीत असावी, पेनाचा आवाज येत होता.

नीना मागून आली. दंडाला धरलं.

"अहो, आत चला," म्हणाली. मग म्हणाली, "पायरी आहे."